बाबांच्या चरित्रातली पालखी

पुस्तक जाड आहे, हे आधी कबूल करते. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं आणि मुखपृष्ठावर बाबा. म्हणजे चेहरा बाबांचा. त्याखालचा गणवेश कुणाचा ते देव जाणे. बाबांची छाती एवढी रुंद नव्हती आणि मिश्यांना पीळ तर त्यांनी जन्मात दिला नाही. त्यांच्या मिश्या खाली वळलेल्या होत्या, चहाच्या बशीत बुडायच्या, आणि आई त्यावरून त्यांना रोज बोलायची.

माझे वडील सैन्यात होते. लढाईत केलेल्या कामाबद्दल त्यांना शौर्यपदक मिळालं. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या अंगाला आमची वाडी. मोजकी घरं, त्यातली निम्मी कुलूप लावलेली, कारण माणसं मुंबईला. अशा वाडीत पदक मिळालेला माणूस एकच. ते पदक आई पापडाच्या डब्यात ठेवायची, कारण घट्ट झाकणाचा डबा घरात तेवढाच होता. पाहुण्यांना पदक बघायचं असलं की आधी पापड बाहेर काढावे लागायचे.

बाबा जाऊन काही वर्षं झाल्यावर वाडीच्या मुंबई मंडळाने त्यांचं चरित्र काढायचं ठरवलं. आमच्याकडे प्रत्येक वाडीचं मुंबईत असं एक मंडळ असतं. देवळाचा कळस असो, पाण्याची टाकी असो की दोन भावांचं भांडण असो, निर्णय तिकडे एखाद्या खोलीत होतो आणि फोनवरून इकडे येतो. मंडळाने लेखकही शोधला. मागणीप्रमाणे चरित्रं लिहून देणारे एक गृहस्थ. कारखानदार, संस्थाचालक, असे बरेच लोक त्यांचे लिहून झाले होते.

मी महाडला शाळेत शिकवते. लेखकाचा फोन आला तेव्हा मी हरखून गेले आणि सबंध संध्याकाळ बोलत बसले. पलीकडून ते "वा, वा" म्हणत होते. सगळं सांगितलं त्यांना. ते सगळं काय होतं, हे इथेही सांगायला हवं.

बाबांना पदक मिळालं ते जखमी माणसं परत आणल्याबद्दल. त्यांच्या तुकडीतले काही जण पुढे उघड्यावर पडले होते आणि समोरून गोळीबार चालू होता. बाबा रांगत गेले आणि एकेकाला ओढत घेऊन आले. मी लहानपणी कितीदा तरी विचारायचे, बाबा, तुम्हाला भीती नाही वाटली? त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

"वरडत व्हते गो ते. ऐकवंना, म्हणून आणले."

बस. एवढंच. लढाईबद्दल यापलीकडे त्यांनी आम्हाला काही सांगितलं नाही. शिमग्याबद्दल मात्र ते तासन्‌तास बोलायचे. नोकरीत असेपर्यंत त्यांना शिमग्याला कधी सुट्टी मिळाली नाही. सीमेवरच्या थंडीत उभं राहून हा माणूस आमच्या गावदेवीच्या पालखीचा विचार करायचा. खालूबाजा कसा वाजत असेल, पालखी कुणाच्या खांद्यावर असेल, कोण कसा नाचवत असेल. निवृत्त झालो की पहिल्या शिमग्याला पालखी मी नाचवणार, असं ते प्रत्येक सुट्टीत येऊन बजावून जायचे.

ते निवृत्त होऊन घरी आले तेव्हा मी चौथीत होते. शिमग्याला थोडेच दिवस उरले होते आणि त्या आधी वाडीत एक म्हातारी वारली.

त्या म्हातारीचं घर वाळीत टाकलेलं होतं. तिच्या मुलाने देवळालगतच्या जागेवरून महाडच्या कोर्टात दावा लावला होता, म्हणून गावकीने ठराव केला होता की त्या घराशी कुणी बोलायचं नाही, देणंघेणं ठेवायचं नाही. त्यामुळे म्हातारी सकाळी गेली तरी दुपारपर्यंत तिरडीला माणसं जमेनात. मुलगा एकटा. अंगणात बसून तो हाका मारत होता. नावं घेऊन, एकेका घराला. सगळ्या वाडीत त्या हाका ऐकू येत होत्या. घरांची दारं लागलेली होती. मी आईच्या मागे उभी होते आणि मला रडू येत होतं.

बाबा जेवत होते. ताटावरून उठले, हात धुतला आणि गेले. शेजारच्या गावातून दोन माणसं घेऊन आले आणि म्हातारीला खांदा दिला.

दुसऱ्याच दिवशी गावकी देवळात बसली. बाबांनी गावकीपुढे नारळ ठेवून चूक कबूल करायची, नाहीतर आमचंही घर वाळीत. बाबा म्हणाले, चूक झाली असती तर ठेवला असता. मग निकाल झाला. त्यातलं एक वाक्य मला आजही झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. ज्या खांद्याने ती तिरडी उचलली तो खांदा आमच्या पालखीला चालायचा नाही.

मी लेखकाला म्हटलं, पदकामागचा माणूस आणि म्हातारीला खांदा देणारा माणूस एकच आहे, बघा. तिकडेही त्यांना ऐकवलं नाही आणि इकडेही. पण तिकडे सोबत फौज होती. इकडे ते एकटे होते आणि समोर स्वतःचाच गाव होता. चरित्र लिहायचं तर हे लिहा. ते म्हणाले, "नक्की, ताई, हा तर गाभाच आहे."

वाळीत पडणं म्हणजे काय, हेही मी त्यांना सांगितलं होतं. वाडीतल्या चक्कीवर आमचं दळण घेत नसत, बाबा तांदूळ डोक्यावर घेऊन पोलादपूरला जायचे. लावणीला एकमेकांकडे जायची रीत आमच्यापुरती बंद झाली. आम्ही तिघंच चिखलात. शाळेत माझ्याशी कुणी बोलेना. आणि दर शिमग्याला बाबा सकाळीच अंघोळ करून, अंगण सारवून घेऊन, ताटात नारळ ठेवून दारात उभे राहायचे. खालूबाजा वरच्या आळीतून खाली यायचा. शेजारच्या अंगणात पालखी नाचायची. आमच्या अंगणाशी आली की वाजवणारे वाजवायचे थांबत, भोई माना खाली घालत, आणि पालखी पुढे जायची. बाबा हात जोडून उभे असत. मग तो नारळ ते पायरीवर फोडायचे आणि आम्हाला प्रसाद म्हणून द्यायचे. मला तो खोबऱ्याचा तुकडा गिळवत नसे.

माझं लग्न झालं, मुलं झाली, तरी हे चालूच होतं. पुढे वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आला, तेव्हा भीतीने एकेक जण बोलायला लागला. कुणी कोयता मागायला आलं, कुणी हळदीकुंकवाला बोलावलं. पालखीचा ठराव मात्र कुणी मागे घेतला नाही, कारण नारळ आला नव्हता. बाबा गेले. वर्ष सरल्यानंतरच्या शिमग्याला पालखी पहिल्यांदा आमच्या दारात आली. आई ओटी भरू शकत नव्हती, म्हणून मी महाडहून गेले आणि देवीची ओटी मी भरली. आई दाराशी उभी होती. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला आणि छापून आईला आणून दिला.

तर हे सगळं चरित्रात येणार, या आनंदात मी होते. मला दुसरं काही नको होतं. आई आता थकली आहे. आम्ही दोघी गेलो की हे सांगणारं कुणी उरणार नाही, आणि वाडी तर विसरायला टपलेलीच आहे. छापलेलं पुसता येत नाही, असा माझा भाबडा समज.

लेखक महाशय एकदाच इकडे आले. वीर स्टेशनवर उतरले, मंडळाच्या गाडीने वाडीवर गेले, दुपारभर आईशी बोलले आणि संध्याकाळच्या गाडीने परत. माझं परीक्षेचं काम होतं, मी जाऊ शकले नाही. आईला फोन करून विचारलं, काय विचारलं गं त्यांनी? ती म्हणाली, "बराच इचारलान. चांगला हाय बिचारा. भाकरी आवडली त्याला."

प्रकाशन महाडला झालं. सभागृहाच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ रंगातूनही दिसत होती, ती झाकायला तिच्यावर बॅनर लावला होता. मंचावर मंडळाचे अध्यक्ष, पाहुणे, लेखक आणि मधोमध आई. निळं लुगडं, खांद्यावर शाल, मांडीवर श्रीफळ. ती फार लहान दिसत होती. पुस्तकाचा चमचमता कागद फाडला गेला, टाळ्या झाल्या आणि एक प्रत माझ्या हातात आली.

भाषणं सुरू झाली तशी मी पानं उलटायला लागले. सुरुवातीला शुभेच्छा. मग देणगीदारांचे फोटो, गॉगलसकट. मग रायगडचा इतिहास, तोही कुठून तरी उचललेला. बाबा जन्माला येईपर्यंत पुस्तक बरंच संपलं होतं. जन्मले ते तेज घेऊन जन्मले. लढाईत तर त्यांनी हातांनी माणसं मारली, आणि मारताना मोठाली वाक्यं बोलले. बाबा! ज्यांना दुकानात साखर मागताना दोन वाक्यं सलग बोलता येत नसत! जखमी माणसांना एक ओळ होती. मला हसू येत होतं आणि राग येत होता, पण म्हटलं, असू दे, हे लोक असंच लिहितात. पुढचं महत्त्वाचं.

पुढच्या प्रकरणाचं नाव होतं 'पहिला मान'.

'निवृत्त होऊन गावी परतलेल्या या वीराला गावाने डोक्यावर घेतले. गावदेवीच्या पालखीचा पहिला मान त्यांना देण्यात आला. त्यानंतर हयातभर, दर शिमग्याला, पालखी सर्वप्रथम त्यांच्या दारी येई आणि ते ती स्वतः खांद्यावर घेऊन नाचवीत.'

मी ते वाक्य परत वाचलं. परत वाचलं. समोरच्या पानावर पानभर फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'वीराच्या स्वागताला पालखी दारात'. फोटोत पालखी होती, आमचं अंगण होतं, आणि ओटी भरत होते मी. माझे पांढरे केस, माझा चष्मा. मी चौथीत असताना! आणि मागे दाराशी आई, कपाळ मोकळं. ज्यांच्या स्वागताचा फोटो ते जिवंत असतील तर ही बाई बिनकुंकवाची का उभी आहे, हे वाडीतल्या शेंबड्या पोरानेही विचारलं असतं. मंडळातल्या एकाही माणसाने विचारलं नव्हतं.

म्हातारी नव्हती. ठराव नव्हता. चक्की नव्हती, चिखल नव्हता. सगळं साफ सारवून घेतलेलं. मंचावर कुणीतरी "गावाने जपलेला हिरा" असं म्हणत होतं आणि आई खाली मान घालून ऐकत होती. मला वाटलं, उठावं आणि ओरडावं. पण आई तिथे शाल पांघरून बसली होती. तिचा असा सत्कार आयुष्यात पहिल्यांदाच होत होता. मी जागेवरून हलू शकले नाही.

चहाच्या वेळी मी अध्यक्षांना गाठलं. हा माझ्याच वर्गातला. ज्याने गावकीत तो निकाल सुनावला त्याचा मुलगा. ठरावाच्या दुसऱ्याच दिवशी तो माझ्या बाकावरून उठून मागे जाऊन बसला होता. इतक्या वर्षांत आमच्यात त्याविषयी एक शब्द झाला नव्हता. मी पुस्तक त्याच्या छातीशी धरलं.

"लाज नाही वाटली? गाळलंत ते गाळलंत, वर हे?"

त्याने कप खाली ठेवला. "ताई, आयकून घे."

"काय ऐकायचं? तुझ्या बापाने..."

"माझ्या बापानं काय केलान ते मला ठाव हाय." तो इकडेतिकडे बघत हळू आवाजात म्हणाला. "खरं सांगतो. आम्ही वाळीतलं गाळणार व्हतो. मीटिंगमध्ये तसंच ठरलं व्हतं. गप बसायचं, टेन्शन नको. पन पालखीचं खोटं घालायची आमची छाती नव्हती गो. ते काकींनी सांगितलानी."

"कुठल्या काकींनी?"

"तुझ्या आईनं."

मी लेखकाकडे गेले. ते समोसा खात होते. त्यांनी शांतपणे मान हलवली. "हो ताई. तुमचं ऐकून मी तेच लिहिणार होतो. पण तुमच्या आईंनी वेगळं सांगितलं, आणि पत्नीचं म्हणणं मला जास्त विश्वासाचं वाटलं. फोटोही त्यांनीच दिला. छान होता म्हणून घेतला." गावाने खोटं बोलावं हे मी समजू शकत होते, सगळं आयुष्य तेच बघितलं होतं. पण आई? जिच्या पायांना त्या चिखलाने भेगा पडल्या ती?

मंडळाने गाडी दिली होती, ती मी नाकारली. रिक्षा केली आणि आईला घेऊन वाडीवर निघाले. वाटभर मी पुस्तक मांडीवर पालथं धरून बसले होते. आई शालीचा पोत चाचपून बघत होती, खूश होती. घरी पोचल्यावर तिने चूल पेटवली, चहा टाकला. बाहेर अजून ऊन होतं. मग मात्र मला राहवेना.

"आई, पालखी आपल्याकडे पहिली यायची, असं तू सांगितलंस त्यांना?"

"व्हय."

"का?"

"का म्हंजे?" तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू वेडी मीच. "यायची का म्हणून इचारलान त्यानं. मी म्हटलं, यायची."

"पण नाही यायची, आई! एकदाही नाही आली!"

"मला नको सांगूस. मी व्हते तितं."

मी सुटले. ज्यांनी तुला छळलं त्यांना तू फुकट सोडलंस, म्हटलं. आता त्यांची नातवंडं हे वाचून म्हणतील, आमचा गाव किती चांगला. बाबा नारळ घेऊन उभे राहायचे ते कोण सांगणार? त्या म्हातारीचं कोण सांगणार? मी रडत होते आणि माझा आवाज पार वरच्या आळीपर्यंत जात असणार, पण मला त्याचं काही नव्हतं.

आईने चहा गाळला, कप माझ्यापुढे ठेवला.

"तुला सांगायचं तर तू सांग. तुझं तोंड कोनी धरलंय? माझ्याच्यानं बोलवंना." मग म्हणाली, "सगळी नोकरी शिमगा शिमगा करत काढलानी त्यांनी. आले तर ह्ये असं. दरसाल ताट घेऊन उभे. मी मागं दारात असायची गो. त्यांची पाठ बघायची. गावानं दिलं नाय. माझ्या हातात तरी काय व्हतं द्यायला? त्यो मानूस म्हणाला, तुमी सांगाल तसं लिवतो. मग मी दिली त्यांना. मी दिली पालखी. त्यात गावाचं काय गेलं?"

पटलं असं अजूनही म्हणणार नाही. त्या बाईने खऱ्यावर पाणी सोडलं, याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि म्हणून तर मी हे लिहायला बसले. पण त्या दिवशी चुलीपाशी मी डोळे पुसले आणि चहाचा कप उचलला.

"वाच की," ती म्हणाली. "मला कुठं येतंय वाचायला. तितं वाचून नाय दावलं कोनी. नुसती भाषनं."

मी पुस्तक उघडलं. 'पहिला मान' काढून वाचायला लागले. 'पालखी सर्वप्रथम त्यांच्या दारी येई', इथे तिने डोक्यावरून पदर घेतला. नीट, दोन्ही कानांवरून, देवी दारात आल्यावर घेतात तसा. 'ते ती स्वतः खांद्यावर घेऊन नाचवीत.' तिचे ओठ हलत होते. पुढे लेखकाने बाबा कसे नाचत त्याचं पानभर वर्णन केलं होतं. ढोल, गुलाल, घाम, गर्दीचा जयजयकार. सगळं मनाचं, कुठल्याही गावाला लागू पडेल असं. एरवी मी त्यावर लाल रेघ मारली असती. पण मी शब्द न्‌ शब्द वाचला, सावकाश वाचला, आणि वाचता वाचता मलाच ते अंगणात दिसायला लागले. प्रकरण संपलं. आईने दोन्ही हात जोडलेले होते. मी पान उलटलं. पुढच्या प्रकरणाचं नाव होतं 'अखेरचा निरोप'.

"पुढचं वाचू?" मी विचारलं.

"नको," आई म्हणाली. "पुढं ते जातील. पालखी दारात हाय, तवर मिटून ठेव."